जुन्या गाडीची बॅटरी सारखी उतरतेय? नवी घ्यायच्या आधी मीटर लावा

जुनी गाडी ठेवलेल्या माणसांकडून एक रडगाणं कायम ऐकायला मिळतं. सकाळी चावी फिरवली की नुसतं टक-टक-टक, डॅशबोर्डचे दिवे मंद होतात आणि सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी स्टार्टर मोटर) काही उचलत नाही. मग शेजारपाजारच्यांना बोलावून धक्का मारायचा, कशीबशी चालू झाली की दुकान गाठायचं, दुकानदार म्हणणार बॅटरी गेली, नवी टाकायची, दोन-तीन महिने छान चालणार आणि पावसाळा लागला की परत तेच. मग कुणी डायनामो (म्हणजे अल्टरनेटर, इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा) रिपेअर करून घेतो, कुणी सेल्फ भरून घेतो, पैसे जात राहतात आणि मूळ दुखणं जागच्या जागी राहतं. मला मनापासून वाटतं की पंधरा-वीस वर्षं झालेल्या गाडीत बहुतेक वेळा पार्ट खराब नसतो, जोड खराब असतो. आणि खराब जोड डोळ्याला दिसत नाही, तो मीटरला दिसतो, तेही त्यातून करंट वाहत असेल तेव्हाच. हे एवढं डोक्यात बसलं की घरच्या घरी, पार्किंगमध्ये उभं राहून बराचसा शोध आपला आपण लावता येतो.

खाली जे लिहितोय ते कार्बोरेटरच्या आणि सुरुवातीच्या एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल सोडणाऱ्या) गाड्या डोळ्यांसमोर ठेवून, म्हणजे मारुती ८००, ओम्नी, पद्मिनी, झेन, एस्टीम, सँट्रो, जुनी इंडिका वगैरे. सगळ्या १२ व्होल्टच्या आणि सगळ्यांत बॅटरीचा मायनस बॉडीला जोडलेला.

सामान फार लागत नाही. काही शे रुपयांचा साधा डिजिटल मल्टीमीटर, १० नंबरचा पाना, तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, खायचा सोडा, थोडं व्हॅसलीन, आणि ब्रेक लाइटचा २१ वॅटचा एक बल्ब होल्डरसकट, त्याला हातभर लांबीच्या दोन वायरी जोडलेल्या. हा बल्ब म्हणजे टेस्ट लॅम्प, त्याचं काम पुढे येईल.

सुरुवात करायच्या आधी तीन गोष्टी, ह्या खरंच पाळा. हातातली अंगठी, कडं, धातूचा पट्टा असलेलं घड्याळ काढून ठेवा, कारण प्लस आणि बॉडीच्या मध्ये अंगठी आली तर बोट भाजतं आणि ते भाजणं फार वाईट असतं. बॅटरी काढताना आधी मायनस काढायचा, लावताना मायनस सगळ्यात शेवटी, म्हणजे पाना चुकून बॉडीला टेकला तरी ठिणगी पडत नाही. आणि चार्जिंग होत असलेल्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तिथं बिडी-सिगरेट, माचिस काही नको.

अजून एक, जे रस्त्यावरचे बरेच मेकॅनिक आजही करतात. गाडी चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल खेचून काढायचं, इंजिन चालू राहिलं तर म्हणे डायनामो ओके. हे तुमच्या गाडीवर कुणालाही करू देऊ नका. बॅटरी डायनामोच्या आउटपुटला दाबून धरत असते, ती अचानक काढली की व्होल्टेज क्षणभर खूप वर उसळतं, त्यात डायनामोचा रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) किंवा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) जातो आणि एमपीएफआय गाडी असेल तर ईसीएम (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) पण जाऊ शकतो. जे मीटरने दहा सेकंदात कळतं त्यासाठी एवढी जोखीम घ्यायचं काही कारणच नाही.

आता पहिलं मोजमाप. गाडी रात्रभर उभी ठेवा, सकाळी चावी लावायच्या आधीच मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून लाल पिन प्लसला आणि काळी मायनसला लावा. १२.६ च्या आसपास आलं तर बॅटरी भरलेली आहे, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ म्हणजे तळाला आली, त्याखाली म्हणजे रिकामी. गाडी नुकतीच बंद केली असेल तर हा आकडा उगाच मोठा दिसतो, तेव्हा हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद करा, थोडं थांबा आणि मग मोजा. बॅटरीला पाणी टाकायची झाकणं असतील तर हायड्रोमीटर (आतल्या ॲसिडची घनता मोजणारी नळी) घेऊन प्रत्येक सेल तपासा, भरलेल्या बॅटरीत रीडिंग १.२६५ ते १.२८० च्या मध्ये येतं, आणि पाच सेल सारखे असून एकच ०.०५० ने खाली असेल तर तो सेल मेला, तिथं बॅटरीच बदलावी लागेल, वाद नाही. पाणी कमी असेल तर डिस्टिल्डच टाका, आरओचं चालतं असं लोक सांगतात पण त्यात क्षार उरलेले असतात.

इथं एक गोष्ट आधीच सांगतो. बॅटरी उतरलेली असताना पुढचं काहीही मोजण्यात अर्थ नाही, सगळे आकडे फसवे येतात. ती आधी बाहेरच्या चार्जरवर भरून घ्या, क्षमतेच्या एक दशांश करंटने, म्हणजे ३५ एएचची (अँपिअर-तासाची) बॅटरी असेल तर साधारण साडेतीन अँपिअरवर दहा-बारा तास. धक्का मारून चालू केली आणि अर्धा तास फिरवून आणली म्हणजे बॅटरी भरली असं होत नाही.

बॅटरी भरली, आता सेल्फ मारताना काय होतं ते बघा. एकाने चावी फिरवायची, दुसऱ्याने मीटर बघायचा. इंजिन चालू होऊ नये म्हणून कार्बोरेटरच्या गाडीत कॉइलच्या प्लसची बारीक वायर काढून ठेवा आणि तिचं उघडं टोक टेपने झाका, एमपीएफआयमध्ये फ्युएल पंपाचा फ्यूज काढा. सेल्फ फिरत असताना बॅटरीवरचं व्होल्टेज दहाच्या वर राहिलं तर बॅटरी ठीक, साडेनऊच्या खाली पडत असेल तर बॅटरी थकलीय किंवा सेल्फ जाम होऊन जास्त करंट खेचतोय. ह्यात सगळ्यात बोलका प्रकार तिसराच: बॅटरीवर व्होल्टेज चांगलं टिकलंय, साडेदहा-अकरा दाखवतंय, आणि तरी सेल्फ दमल्यासारखा फिरतोय. इथं बॅटरी पण निर्दोष आणि बहुतेक वेळा सेल्फ पण निर्दोष, मधल्या वाटेत व्होल्टेज गळतंय.

आवाजावरूनही थोडं कळतं. पटापट टक-टक-टक म्हणजे व्होल्टेज अपुरं पडतंय. एकच जाड टक आणि मग शांतता म्हणजे सेल्फच्या सोलेनॉइडचे (सेल्फला जाड करंट जोडणाऱ्या चुंबकी स्विचचे) कॉन्टॅक्ट झिजलेले किंवा मोटर अडकलेली. काहीच आवाज नाही, पण डॅशबोर्ड लख्ख, तर इग्निशन स्विचकडून सोलेनॉइडला येणारी बारीक वायर आणि तिचा कपलर बघा. मोजायचं मात्र सोडू नका, आवाजाचा अंदाज चुकतो.

आता चार्जिंग. सगळं परत जोडा, गाडी चालू करा, थोडा रेस द्या, बॅटरीवर १३.८ ते १४.५ च्या मध्ये यायला हवं. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेला, बॅटरीचं पाणी उडत राहणार आणि बल्ब वारंवार जाणार. मग आयडलवर (रेस न देता) हेडलाइट, ब्लोअर, वायपर सगळं लावा आणि बघा, १३ च्या वर टिकलं तर उत्तम, साडेबाराच्या आसपास येत असेल तर सिग्नलला उभं राहून तुम्ही बॅटरी खाताय, शहरातल्या रोजच्या पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत ती कधी भरतच नाही. अशा वेळी आधी बेल्ट बघा, अंगठ्याने दाबून साधारण सेंटीमीटरभर दबला पाहिजे, त्यापेक्षा सैल असेल तर पावसात किंचाळतो आणि घसरतो, आणि लोक मात्र डायनामो उतरवायला घेतात.

चार्जिंगचा लाल दिवा पण बघून ठेवा. चावी ऑन केली, इंजिन बंद आहे, तर तो दिवा पेटायलाच हवा. बऱ्याच जुन्या गाड्यांत त्या दिव्यातून जाणारा थोडासा करंटच डायनामोला जागं करतो, त्यामुळे डॅशबोर्डमधला तो चिमुकला बल्ब उडाला तर डायनामो चार्जिंगच सुरू करत नाही, किंवा एकदा जोरात रेस दिल्यावरच करतो. दिवा पेटत नाही म्हणजे सगळं छान चाललंय असं मालकाला वाटतं आणि बॅटरी रोज थोडी थोडी उतरत जाते. बल्ब दहा-वीस रुपयांचा असतो, डायनामो रिपेअरचं बिल कितीचं येतं ते तुम्हाला माहीत आहे.

आता खरा विषय, व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वाटेत गळणारं व्होल्टेज. हे नीट समजून घ्या कारण जुन्या गाडीचे निम्मे आजार इथं सापडतात. लोक काय करतात, मीटर बीपवर ठेवतात, वायरीच्या दोन टोकांना लावतात, बीप वाजला की म्हणतात वायर चांगली आहे. पण बीप तर पन्नास धाग्यांतला एक धागा शाबूत असला तरी वाजतो. ओहमवर ठेवलं तरी स्वस्त मीटरचा शेवटचा आकडा ०.१ ओहमचा असतो, त्याखालचं त्याला दिसतच नाही. आणि सेल्फच्या वाटेवर ०.०१ ओहमचा अडथळा पण जड जातो, कारण सेल्फ शंभर अँपिअर खेचत असेल तर ०.०१ गुणिले १०० म्हणजे अख्खा एक व्होल्ट तिथंच गेला. म्हणून करंट बंद असताना ओहम मोजायचे नाहीत, करंट चालू असताना व्होल्ट मोजायचे. चांगल्या जोडाच्या दोन बाजूंना जवळपास शून्य येतं, खराब जोडावर आकडा येतो. जिथं आकडा येतो तिथं चोर.

करायचं कसं? काळी पिन बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खुंट्यावर टेकवा, क्लॅम्पवर नाही, खुंट्यावरच. लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर, रंग आणि ग्रीस नसलेल्या जागी. सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टच्या आत आलं तर अर्थिंग (मायनसची बॉडी आणि इंजिनशी असलेली जोडणी) मस्त, ०.५ पर्यंत चालवून घेता येईल, त्याच्या वर म्हणजे अर्थिंगमध्ये गडबड. मग तोच रस्ता तुकड्यांत मोजा: खुंटा ते क्लॅम्प, क्लॅम्प ते बॉडीला बोल्ट केलेली थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी), थिंबल ते शेजारचा बॉडीचा पत्रा, बॉडी ते इंजिन. एका कुठल्या तरी तुकड्यावर जवळपास सगळा आकडा मिळेल, तेवढाच तुकडा उघडायचा. प्लसच्या बाजूला पण असंच, बॅटरीचा प्लस खुंटा ते सेल्फचा जाड बोल्ट, तिथंही अर्ध्या व्होल्टच्या आत. तिथं पिन धरताना पंख्यापासून, बेल्टपासून हात लांब आणि गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला.

चिपळूणला मावशीच्या घरी एक जुनी गाडी आहे, तिचं उदाहरण देतो म्हणजे आकडे कसे बोलतात ते कळेल. दर पावसाळ्यात सेल्फ उचलायचा नाही, बॅटरी वर्षाच्या आतली होती, आणि सेल्फ काढून नवा टाकायचं जवळपास ठरलेलं. सेल्फ मारताना बॅटरीवर १०.८ मिळाले, म्हणजे बॅटरी ठणठणीत. सेल्फच्या जाड बोल्टवर आणि सेल्फच्याच बॉडीवर पिना लावल्या तर मिळाले फक्त ८.९. मधले १.९ व्होल्ट कुठं गेले? प्लसच्या केबलवर ०.३, ते ठीक. मायनस खुंटा ते इंजिन १.६, म्हणजे सगळा लोचा अर्थिंगचा. तुकडे केल्यावर इंजिन ते बॉडीची जी विणलेली तांब्याची पट्टी असते तिच्या बॉडीकडच्या टोकाला आकडा सापडला. बोल्ट खोलला तर वरून स्वच्छ दिसणाऱ्या थिंबलखाली गंज आणि कधीतरी डेंटिंगवाल्याने मारलेला रंग. घासून पांढरा धातू काढला, घट्ट आवळला, आकडा ०.१५ वर आला आणि सेल्फ नव्यासारखा फिरायला लागला. खर्च पॉलिश पेपरचा.

इंजिनची अर्थ पट्टी पूर्ण तुटली तर अजून एक प्रकार होतो जो बघून लोक चक्रावतात. करंटला परत जायला रस्ता हवाच असतो, मग तो ॲक्सिलरेटरच्या केबलमधून, चोकच्या केबलमधून, मिळेल तिथून बॉडीकडे जातो. सेल्फ मारला की ॲक्सिलरेटर केबल गरम लागते, कधी तिच्यातून धूर येतो, आतलं प्लॅस्टिक वितळून केबल जड होते. केबल वारंवार जाम होत असेल आणि सेल्फ पण मंद असेल तर नवी केबल टाकायच्या आधी ती पट्टी शोधा.

अर्थिंग साफ करायचं म्हणजे वरून ब्रश फिरवायचा नाही. बॅटरीचा मायनस काढा, बोल्ट पूर्ण खोला, थिंबलची खालची बाजू, पत्र्यावरची जागा आणि बोल्टचं बूड तिन्ही घासून चमकवा, दातेरी वायसर टाकून आवळा, आणि जोड झाल्यावर वरून व्हॅसलीन किंवा ग्रीस लावा म्हणजे ओल आत जाणार नाही. बॅटरीच्या खुंट्यांवर हिरवट-पांढरी पावडर आली असेल तर दोन्ही टर्मिनल काढा, कोमट पाण्यात खायचा सोडा घालून ते ओता, फेस येतो, तो शांत होईपर्यंत परत परत ओता. झाकणं घट्ट लावलेली असू द्या, सोडा बॅटरीच्या आत गेला नाही पाहिजे. नंतर साध्या पाण्याने धुवा, पुसा, खुंटा आणि क्लॅम्पची आतली बाजू दोन्ही घासा. कोकणात, मुंबईत, गोव्यात खाऱ्या हवेमुळे हे काम पावसाळ्याच्या आधी आणि नंतर असं वर्षातून दोनदा करायला हवं, घाटावर एकदा केलं तरी भागतं.

अर्थिंगचाच भाऊबंद म्हणजे मागच्या लाइटचा घोळ. ब्रेक दाबला की इंडिकेटर बंद पडतो, इंडिकेटर लावला की पार्किंग लाइट त्याच्याबरोबर लुकलुकतो, रिव्हर्स टाकला की भलताच बल्ब मंद पेटतो. हे वायरिंग उलटसुलट झाल्यामुळे होत नाही, मागच्या लॅम्पचा अर्थ सुटलेला असतो आणि करंट दुसऱ्या बल्बमधून उलटा परतीची वाट शोधतो. लॅम्पच्या अर्थपासून बॉडीपर्यंत एक सुटी वायर धरून बघा, सगळं सुरळीत झालं तर निदान पक्कं. तसंच हेडलाइट लावला की पेट्रोलचा किंवा टेंपरेचरचा काटा हलत असेल तर मीटर कन्सोलचा अर्थ तपासा. पेट्रोलच्या टाकीतला फ्लोट बदलायचा खर्च लोक फुकट करतात.

हेडलाइट मंद आहेत ही तक्रार पण जुन्या गाडीत ठरलेली. बल्बच्या होल्डरवर, लाइट पेटलेला असताना, मागून पिना घालून व्होल्टेज मोजा आणि बॅटरीवरच्या आकड्याशी ताडून बघा. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४ आणि बल्बवर १२ आले तर दोन व्होल्ट वाटेत गेले. हॅलोजन बल्बचं असं असतं की व्होल्टेज १० टक्के पडलं की प्रकाश जवळपास ३० टक्के पडतो, म्हणून हे दोन व्होल्ट रात्री घाटात फार महागात पडतात. बऱ्याच जुन्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट, ६०/५५ वॅटचे दोन बल्ब धरले तर साधारण नऊ-दहा अँपिअर, थेट स्टिअरिंगखालच्या कॉम्बिनेशन स्विचमधून जातो, रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नसतोच. त्या स्विचचे कॉन्टॅक्ट काळे पडतात, गरम होतात, प्लॅस्टिक वितळतं. आणि त्यावर कुणी १००/९० वॅटचे बल्ब टाकले की आगीला आमंत्रणच. बल्ब ६०/५५ चेच ठेवा आणि लो आणि हायला एकेक असे दोन रिले टाका: ३० नंबरला बॅटरीच्या प्लसपासून फ्यूजमधून आलेली अडीच स्क्वेअर एमएमची वायर, ८७ वरून बल्बकडे, ८६ ला जुन्या होल्डरमधला स्विचचा करंट, ८५ अर्थ. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात हवा, लांब नाही. एक खबरदारी, काही गाड्यांत हेडलाइटचा स्विच प्लसऐवजी अर्थ तोडजोड करतो, तेव्हा आधी होल्डरमध्ये मीटर लावून तुमच्या गाडीत कुठल्या पिनला काय येतं ते बघा, मगच रिले जोडा.

आता दुसरी मोठी भानगड, गाडी उभ्या उभ्या बॅटरी उतरते. बॅटरी चांगली, चार्जिंग चांगलं, अर्थिंग चांगलं, रोज चालवली तर काही त्रास नाही, पण चार दिवस गावाला जाऊन आलं की ठप्प. म्हणजे बंद गाडीत काहीतरी करंट पितंय. घड्याळ, स्टिरिओची मेमरी, रिमोट लॉक यांना थोडा करंट लागतोच, २० ते ५० मिलीअँपिअर असेल तर गप्प बसा. ५० मिलीअँपिअरने दिवसाला १.२ एएच जातात, ३५ एएचची बॅटरी दहा दिवसांतही तशी तग धरते. पण डिकीतला पाच वॅटचा एक बल्ब पेटता राहिला तर तो ०.४ अँपिअर खातो, दिवसाला दहा एएच, म्हणजे दोन-तीन दिवसांत खेळ खलास, आणि डिकी बंद असल्यामुळे तो पेटलाय हे दिसत नाही.

शोधायचं असं. चावी काढा, सगळे दरवाजे लावा, बॅटरीपाशी पोचायला बॉनेट उघडा आणि तिथं लाइट असेल तर त्याचा बल्ब काढा. मायनसची केबल काढा आणि केबल व खुंटा यांच्यामध्ये आपला २१ वॅटचा टेस्ट लॅम्प जोडा. लख्ख पेटला तर मोठं लीकेज किंवा शॉर्ट आहे, त्या जागी थेट मीटर लावला असता तर मीटरचा फ्यूज उडण्याची किंवा मीटरच जळण्याची भीती होती, म्हणूनच आधी बल्ब. पेटला नाही तर लीकेज नाहीच असं समजू नका, छोटा करंट ह्या बल्बला पेटवू शकत नाही. आता बल्बच्या जागी मीटर, लाल पिन १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये, डायल १० अँपिअर डीसीवर. रिमोट लॉक आणि स्टिरिओ शांत व्हायला दहा-पंधरा मिनिटं द्या आणि मग आकडा वाचा. मीटर असा जोडलेला असताना चावी ऑन करायची नाही आणि सेल्फ तर चुकूनही मारायचा नाही. काम झालं की लाल पिन आठवणीने परत व्होल्टच्या सॉकेटला, नाहीतर पुढच्या वेळी व्होल्ट मोजायला जाल आणि बॅटरीच शॉर्ट कराल.

आकडा ०.०५ च्या वर असेल तर फ्यूज एकेक करून काढा आणि परत लावा. ज्या फ्यूजला आकडा धपकन खाली येतो त्या सर्किटमध्ये दोष. त्या फ्यूजवर काय काय चालतं ते फ्यूज बॉक्सच्या झाकणावर लिहिलेलं असतं, मग त्यातली एकेक वस्तू सोडवत जायचं. पात्याचे फ्यूज असतील तर दुसरी युक्ती आहे, बॅटरी जोडलेली ठेवून, मीटर मिलीव्होल्टवर ठेवून, फ्यूजच्या डोक्यावर जे दोन उघडे ठिपके असतात त्यांवर पिना टेकवायच्या. करंट वाहत असेल तर थोडे मिलीव्होल्ट दिसतात, नसेल तर शून्य, फ्यूज काढायलाच लागत नाही.

सगळे फ्यूज काढूनही आकडा हलला नाही तर फ्यूजमधून न जाणाऱ्या गोष्टी उरतात, आणि जुन्या गाडीत त्याच बऱ्याचदा गुन्हेगार निघतात. एक, डायनामोचा डायोड. मायनस काढा, डायनामोची जाड प्लस वायर सोडवा, तिचं टोक टेपने नीट गुंडाळा, परत मोजा, आकडा पडला तर डायोड लीक आहे, डायनामो उघडावा लागेल. दुसरी गोष्ट, मागून बसवलेल्या ॲक्सेसरीज. आधीच्या मालकाने बसवलेला हॉर्न, फॉग लॅम्प, अँप्लिफायर, सेंट्रल लॉकिंगचा डबा, जीपीएस ट्रॅकर, डॅशकॅम, ह्या सगळ्यांच्या वायरी कुणीतरी घाईत थेट बॅटरीवर नाहीतर इग्निशन स्विचच्या मागे पिळा मारून, टेप गुंडाळून जोडलेल्या असतात. उन्हात त्या टेपचा डिंक वितळतो, जोड उघडा पडतो. बॅटरीच्या प्लसवर कंपनीच्या जाड वायरीशिवाय जे जे काही बांधलेलं असेल ते एकदा सगळं सोडा, एकेक मोजत परत जोडा, प्रत्येकाला स्वतःचा फ्यूज द्या आणि ज्याचा उपयोग उरला नाही ते गाडीतून कायमचं काढून टाका. जुन्या गाडीच्या वायरिंगला ह्याच्याइतका आराम दुसऱ्या कशाने मिळत नाही.

फ्यूज सारखा उडत असेल तर मोठा टाकू नका आणि सिगरेटच्या पाकिटातली चंदेरी तर अजिबात नको. पात्याच्या फ्यूजचे रंग ठरलेले आहेत, लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. लालच्या जागी हिरवा टाकला की फ्यूज वाचतो आणि वायर जळते. उडालेल्या फ्यूजच्या जागी टेस्ट लॅम्पची दोन टोकं घाला, शॉर्ट असेपर्यंत तो लख्ख पेटेल, मग हार्नेस (वायरींचा जुडगा) इंचाइंचाने हलवत जा, दरवाज्याच्या बिजागरीपाशी, डिकीच्या रबरी नळीत, इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भोकापाशी. जिथं हलवल्यावर बल्ब विझतो तिथं वायर घासून उघडी पडलीय.

पावसाळ्यात फक्त ओल असताना येणारे आजार असतात, ते कोरड्या दिवशी सापडत नाहीत. फूटमॅट उचलून खालचा फेल्ट दाबून बघा, ओला असेल तर काचेच्या रबरातून किंवा वायपरखालच्या जाळीतून पाणी येऊन फ्यूज बॉक्सवर ठिबकत असण्याची शक्यता दाट. कपलर उघडून आत हिरवं-पांढरं दिसलं तर कॉन्टॅक्ट क्लीनरने धुऊन, वाळवून, पिना थोड्या घट्ट करून लावा. वायर सोलल्यावर तांबं काळं निघालं तर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापत जायचं, काळ्या तांब्यावर सोल्डर पकडत नाही आणि क्रिंप केलं तरी ड्रॉप राहतो. जोड द्यायचा तर चांगलं क्रिंप किंवा सोल्डर, आणि वर हीट श्रिंक स्लीव्ह. उंदरांनी कुरतडलेल्या ठिकाणी नुसती तुटलेली वायर जोडू नका, शेजारच्या सगळ्या वायरींचं आवरण उजेडात तपासा, एक तुटलेली असते आणि दोन अर्ध्या खाल्लेल्या असतात, त्या महिन्याभराने त्रास देतात.

घरी करू नये असंही थोडं आहे. पिवळ्या आवरणाच्या किंवा पिवळ्या कपलरच्या वायरी एअरबॅगच्या असतात, तिथं मीटर पण लावायचा नाही आणि टेस्ट लॅम्प तर नाहीच. ईसीएमच्या पिनांवर टेस्ट लॅम्प नको, तो जास्त करंट खेचतो. डायनामोचे डायोड, सेल्फची कार्बन ब्रश आणि बुशिंग ही कामं चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडेच द्या, पण जाताना आकडे लिहून न्या: रात्रभर उभ्या गाडीचं व्होल्टेज, सेल्फ मारतानाचं, चार्जिंगचं आयडलवर आणि लोडवर, इंजिन ते मायनस ड्रॉप, आणि बंद गाडीतलं लीकेज. एवढे आकडे कागदावर समोर ठेवले की चांगला माणूस थेट दोषापाशी जातो, आणि जो ते न बघताच बॅटरी बदला म्हणतो त्याच्याकडे गाडी सोडू नका.